फळा क्रमांक सात

ऑगस्ट सरता सरता थॉर्नबेकच्या शाळेत मी जाते,
मुलं नसतात तेव्हा.
रेस्ट्रिक हॉलचं कुलूप काढतो, शिडी धरतो,
दरवर्षी तेच विचारतो: चहा आधी की नंतर?
नंतर. हात कोरडे हवेत.
सोन्याचा वर्ख नुसत्या श्वासानं उडतो.

ओकचे सहा फळे भरलेत.
सातव्यावर अकरा ओळींची जागा.
मग आठवा येईल. भिंत लांब आहे,
लोकर विकणाऱ्या म्हाताऱ्यानं बांधताना
हात आखडता घेतला नव्हता.
‘गावातल्या बारा गरीब पोरांसाठी’
असं दारावरच्या दगडात आहे.
आता इथल्या एका पोराच्या फीत
माझ्यासारख्या दोघींचा वर्षाचा पगार बुडेल.
माझी मुलगी खालच्या शाळेत जाते, बसस्टॉपमागच्या.
दगड कुणी बदललेला नाही.
मीही हात लावत नाही. माझं काम लाकडावर.

बाबा इस्लामपुरात ट्रकच्या पाठी रंगवायचे.
इंग्रजी वाचता यायचं नाही,
पण त्यांचा एस कधी कलंडला नाही.
म्हणायचे, आधी जागा बघ, मग नाव.
नाव लांब असलं तर तो माणसाचा दोष नव्हे.

तिसऱ्या फळ्यावरचे चौदा सालचे सगळे
दाराजवळच्या पितळी पाटीवर पुन्हा भेटतात.
एक सोडून.
तो गावातच गुरांचा डॉक्टर झाला,
म्हातारपणी शाळेच्या मॅचला यायचा, रेस्ट्रिक सांगतो,
आणि पाटीकडे पाठ करून बसायचा.

पाचव्यावर, चौऱ्याऐंशीत, पहिली मुलगी.
पोरांची नावं पूर्ण,
हिचं नुसतं ‘ई.’, मग आडनाव.
माझ्या आधीच्या पेंटरला जागा कमी पडली असेल.
जागा भरपूर आहे. मी मोजली.

या वर्षी चिठ्ठी आली विश्वस्तांची:
दुसरा फळा, चौथी ओळ, काढून टाकावी.
साखरेच्या मळ्यांचा पैसा,
विकत घेतलेल्या माणसांनी राबून पिकवलेला.
हॉलचं छप्पर त्याच पैशातलं.
छप्पराबद्दल चिठ्ठीत काही नाही.

पातीनं हळूहळू खरवडलं.
सोनं निघालं, भुकटीसारखं, चिमूटभर.
खालचं लाकूड फिकं,
दीडशे वर्षं उजेड न बघितलेलं.
काळ्या ओकवर ते नाव आता
आधीपेक्षा लख्ख वाचता येत होतं.
मी खाली बघितलं.
‘चहा,’ रेस्ट्रिक म्हणाला.

वर गॅलरीत एक पोरगा, आईबाप दुबईत,
आठ दिवस आधीच पोहोचलेला.
सर्वांत लहान म्हणून संस्थापकदिनी
म्हाताऱ्याच्या वीस मेंढ्या त्यानं मोजायच्या,
जुन्या धनगरी आकड्यांत:
यान, टान, टेदर, मेदर, पिप.
ही भाषा आता कुणी बोलत नाही,
मेंढ्याही नाहीत; मोजणी तेवढी उरलीय.
पंधरापाशी तो दरवेळी अडतो,
कारण पंधराला बमफिट म्हणतात
आणि त्याला हसू फुटतं.

शिडीवर माझ्या तोंडून आपोआप:
वकट, लेंड, मुंड, नाल...
विटीदांडूचे आकडे. परमुलखातून कधीतरी आलेले,
आमच्या मैदानाच्या धुळीतच राहिलेले.
आम्हाला कुठे ठाऊक होतं कुणाचे.

‘हे काय?’ पोरगा कठड्यावरून.
‘मोजणी.’
‘मेंढ्यांची?’
‘नाही. विटी किती लांब गेली त्याची.’
त्यानं मान डोलावली, जणू तेही शिकवतात इथे,
आणि पुन्हा यानपासून सुरू केलं.

सातव्या फळ्यावर यंदाचं नाव: टेमिलोलूवा बँकोले.
‘पूर्ण लिहावे’, खाली दोन रेघा.
अक्षरं जरा चिंचोळी केली, बसलं.

उरलं दुसऱ्या फळ्याचं.
फिक्या लाकडावर ओकचा रंग द्या, म्हणाले होते.
डबी आणलीय मी. शिडीच्या वरच्या पायरीवर आहे.
अजून झाकण उघडलेलं नाही.